इजाजत नजरेची

फोटो काढणे जायज की नाजायज, हा प्रश्न आपल्या समाजात शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी असे मत दिले होते, की कॅमेरा नवी आकृती घडवीत नाही. अल्लाहने निर्माण केलेल्या माणसाची सावली तो फक्त धरून ठेवतो. म्हणून हाताने काढलेल्या तसविरीचा हुकूम फोटोला लागू होत नाही. आपल्याकडे देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी नेमके उलट प्रतिपादन केले. साधन बदलले तरी तसवीर ही तसवीरच राहते, असे त्यांचे म्हणणे. इकडे मौलाना आझादांचे 'अल-हिलाल' १९१२ साली कलकत्त्याहून निघू लागले होते ते छायाचित्रे घेऊनच. पुढे पासपोर्ट आला, मतदार ओळखपत्र आले, परीक्षेचे प्रवेशपत्र आले, लग्नाचे अल्बम आले आणि शेवटी प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. वाद संपला नाही. तो कोपऱ्यात सरकला. आज फोटो हराम असल्याचे बयान करणारेही ते मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसून करतात. यात कुणाची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. उलमांचे मतभेद प्रामाणिक होते आणि ज्याला आजही फोटो नको वाटतो त्याच्या एहतियातीचा आदर केला पाहिजे.

आमची तक्रार वेगळी आहे. या लांबलेल्या वादामुळे एक समज रुजून बसला, की एकदा 'जायज' ठरले म्हणजे विचारण्यासारखे काही उरले नाही. त्या चर्चेत दोनच पक्ष होते. एक फोटो काढणारा बंदा आणि दुसरा त्याचा खुदा. फोटोत जो दिसतो तो तिसरा माणूस, ज्याचा चेहरा आहे तो, या मुकदम्यात कुठेच नव्हता. त्याला काय वाटते, त्याने हो म्हटले की नाही, तो फोटो पुढे कुठे जाणार हे त्याला ठाऊक आहे का, हे कुणी विचारले नाही. वस्तुतः आपल्या दीनमध्ये माणसाचे माणसावरचे हक्क, म्हणजे हुकूकुल इबाद, हा केवढा मोठा विषय आहे! नमाज-रोजातील कसूर अल्लाह आपल्या रहमतीने माफ करील. पण बंद्याचा हक्क मारला तर आधी त्या बंद्याकडून माफी मिळवावी लागते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग लोकलच्या डब्यात समोर झोपी गेलेल्या दमलेल्या माणसाचा, तोंड उघडे पडलेला फोटो काढून चार जणांना हसण्यासाठी पाठवला, तर माफी मागायला त्या माणसाला शोधायचे कुठे?

आम्ही काही मित्र, बहुतेक शाळांतून शिकवणारे, सुटीच्या दिवशी कॅमेरे घेऊन मुंबईत फिरतो. कधी डोंगरी, कधी माहीम, कधी ससून डॉक. आमच्यात कुणी नामवंत छायाचित्रकार नाही. कुणाजवळ जुना डिजिटल कॅमेरा आहे, कुणाजवळ नुसता मोबाइल. चहाच्या टपरीवर बसून काढलेले फोटो एकमेकांना दाखवायचे आणि वाद घालायचे, एवढाच उद्योग. या वादांतला निम्मा वेळ उजेड-सावलीवर जातो आणि निम्मा एकाच प्रश्नावर, की हा फोटो काढायला हवा होता का.

आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न फारसा पडला नाही, याचे कारण ते अधिक सज्जन होते असे नव्हे. कारण रोल महाग होता. आग्फाच्या 'क्लिक थ्री' कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो निघत. पुढे छत्तीस फोटोंचे रोल आले, तरी ते धुवून आणण्याचा खर्च होताच. त्यामुळे खटका दाबण्यापूर्वी माणूस दहा वेळा विचार करी आणि ज्याचा फोटो काढायचा त्याला समोर नीट उभा करी. मोहल्ल्यातल्या स्टुडिओची तर गोष्टच निराळी. तिथे गिऱ्हाईक आपल्या पायाने जाई, आरशात भांग पाडी, शेरवानी नाहीतर उसना कोट घाली, मागे रंगवलेला ताजमहाल असे. फोटो त्याचा, पैसे त्याचे, प्रती त्याच्याच घरी जात. इजाजतीचा प्रश्न उद्भवतच नसे, कारण इच्छा त्याचीच असे. खर्च गेला आणि त्याच्याबरोबर इजाजतही गेली. कुणी ठरवून ती काढून टाकली नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी कुणी कुणाला विचारत नाही, एवढेच झाले.

कॅमेऱ्याच्या इतिहासातले एक पान आपल्या अभिमानाचे आहे. बसऱ्यात सुमारे ९६५ साली जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाजिर' या ग्रंथात प्रकाशाविषयी प्रयोग नोंदवून ठेवले. एका अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला छिद्र, बाहेर ओळीने ठेवलेले दिवे आणि आत समोरच्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका. एक दिवा झाकला की त्याचा ठिपका तेवढा नाहीसा होतो. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, असे त्यांच्या आधीचे अनेक विद्वान मानत. इब्न अल-हैसम यांनी दाखवले की पाहण्याची क्रिया उलट आहे, प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो. म्हणजे आपण पाहतो तेव्हा आपण काही देत नसतो, समोरच्याकडून काही घेत असतो. भौतिकशास्त्राचे हे वाक्य नीतिशास्त्राचेही होऊ शकते, असे आम्हाला नेहमी वाटते.

हाच प्रयोग आम्ही शाळेत करतो. वर्गाच्या खिडक्यांना जाड काळा कागद लावायचा, एका कागदाला पेन्सिलीच्या टोकाएवढे छिद्र पाडायचे आणि भर उन्हाच्या वेळी दिवे बंद करायचे. डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर मैदान उलटे उतरते. पिंपळ खाली डोके करून उभा, खेळणारी मुले छतावरून चालल्यासारखी. मुले आनंदाने ओरडतात. एका वर्षी सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, बाहेरच्यांना माहीत आहे का, आपण त्यांना बघतोय ते?" पाठ्यपुस्तकात हा प्रश्न नाही. बी.एड.च्या पाठ टाचणातही त्याला जागा नव्हती.

उर्दू वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचायला मिळते, की 'कॅमेरा' हा शब्द मुळात अरबी आहे आणि तो इब्न अल-हैसम यांच्यापासून युरोपने घेतला. हौस म्हणून ठीक आहे, पण खरे नाही. हा शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ खोली. आपण उर्दूत ज्याला 'कमरा' म्हणतो तो शब्दही त्याच घराण्यातला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेला. म्हणजे कॅमेरा आणि कमरा हे सख्खे भाऊ. आणि कमरा म्हटला की आपल्याला एक हुकूम आठवायला हवा. सूरह नूरमध्ये सांगितले आहे, की दुसऱ्याच्या घरात इजाजत घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नये. परत जा म्हटले तर परत फिरावे. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. एक मनुष्य हजरत पैगंबर (स.) यांच्या घराच्या दाराला असलेल्या फटीतून आत डोकावत होता. त्यावर हुजूर (स.) फार नाराज झाले. इजाजत मागण्याचा कायदा मुळात नजरेसाठीच केलेला आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पाय उंबऱ्याच्या बाहेर असले तरी नजर आत गेली, म्हणजे माणूस आत गेलाच.

दाराचे छिद्र आणि त्यातून जाणारी नजर! कॅमेऱ्याचे याहून अचूक वर्णन आम्हाला कुठे मिळाले नाही. चौदाशे वर्षांपूर्वी कॅमेरा नव्हता म्हणून दीनकडे यावर उत्तर नाही, असे म्हणणाऱ्यांनी आणि फक्त 'तसवीर' या एका शब्दाभोवती उत्तर शोधणाऱ्यांनी, दोघांनीही हा प्रसंग पुन्हा वाचावा.

कुणी म्हणेल, रस्ता हे काही कुणाचे घर नव्हे. चारचौघांत फिरणाऱ्याला सगळेच पाहतात. हा मुद्दा खोटा नाही. पण पाहणे आणि साठवणे यांत फरक आहे. रस्त्यात माझ्याकडे पाहणारा पुढच्या वळणावर मला विसरतो, आणि मीही त्याला पाहिलेले असते. हिशेब बरोबरीचा. कॅमेरा मात्र विसरत नाही, शिवाय तो माझा एक क्षण माझ्यापासून तोडून मला न सांगता दुसरीकडे नेतो. दुसरा बचाव असा असतो, की 'फोटोत खोटे काय आहे? जसे होते तसेच काढले.' इथे गीबतीची व्याख्या आठवावी. एखाद्याच्या पाठीमागे त्याला न आवडणारी गोष्ट सांगणे म्हणजे गीबत. ती गोष्ट खरी असली तर? खरी असली तरच ती गीबत. खोटी असली तर ते बोहतान, त्याहून मोठा गुन्हा. तेव्हा खरेपणा हा बचाव होऊच शकत नाही. मला घाम पुसताना, भांडताना, रडताना पकडणारा फोटो शंभर टक्के खरा असेल. म्हणूनच तो मला विचारून पुढे जायला हवा.

रमजानच्या रात्री मुंबईच्या मुहम्मद अली रोडवर जाऊन पाहावे. मिनारा मशिदीच्या आसपास मालपुवा तळणाऱ्या कढयांभोवती जितके खवय्ये, तितकेच कॅमेरे. अन्नाचे फोटो काढावेत, दिव्यांचे काढावेत. दुकानदारही खूश असतात. पण पुढे गल्लीत वळले की दृश्य बदलते. वजू करणारा म्हातारा, दुआसाठी हात उचललेला मजूर, बुरख्यातली बाई मुलाला कडेवर घेऊन चाललेली. यांच्या तोंडासमोर दोन हातांवर भिंग आणून खटाखट फोटो घेतले जातात आणि काढणारा एक शब्दही न बोलता पुढच्या 'सब्जेक्ट'कडे वळतो. माणसाला 'सब्जेक्ट' म्हणण्याची ही भाषा आमच्याही गटात आहे. त्या बाईला आपण कुठल्या चित्रात बसवलो गेलो हे कधी कळत नाही. तिच्या फोटोखाली कुणी 'गूढ' लिहितो, कुणी 'दबलेली', कुणी 'जुनी मुंबई'. ती बिचारी मुलाला डॉक्टरकडे नेत असते.

हे सांगताना आपल्यातल्या पुष्कळांना बरे वाटेल. पाहा, आपल्यावर कसा अन्याय होतो! पण थांबा. हीच आपली मंडळी जव्हारला किंवा इगतपुरीला सहलीला जातात तेव्हा डोक्यावर मोळी घेतलेल्या आदिवासी बाईला गाडी थांबवून मोबाइल दाखवतात. काश्मीरला गेले की दल सरोवराच्या काठी फिरन घालून स्वतःचे फोटो, आणि शिकारा वल्हवणाऱ्याचे, त्याच्या नाक वाहणाऱ्या पोराचे फोटो. अंदमानात जारवांचे फोटो काढणे कायद्याने गुन्हा आहे, हे वाहनात बसताना सांगितले जाते आणि तरीही काचेला मोबाइल लावणारे निघतात. गरीब, परका, वेगळे कपडे घातलेला माणूस दिसला की इजाजतीचा विचार आपल्याही मनाला शिवत नाही. त्याच सहलीत एखादा सुटाबुटातला साहेब शेजारच्या टेबलावर जेवत असेल तर त्याचा फोटो काढण्याची हिंमत आपल्याला होत नाही. तो "का काढला?" असे विचारील, हे आपल्याला माहीत असते. जो विचारू शकतो त्याला आपण विचारतो. सगळी गोम इथे आहे.

आणि आता खैरातीकडे येऊ. उर्दू शाळांत शिकवणाऱ्या कोणालाही हे दृश्य परिचित आहे. जून महिन्यात वह्या, दफ्तरे, गणवेश वाटायला दानशूर मंडळी येतात. त्यांची नियत चांगली असते, आणि त्या वह्यांची गरज खरी असते. मुलांची रांग लावली जाते. पाहुणा वही पुढे करतो, मूल ती धरते, पाहुणा मात्र वही सोडत नाही. दोघांचे हात वहीवर, दोघांचे तोंड कॅमेऱ्याकडे. फोटो आला की वही सुटते. मुलांना हे इतके सवयीचे झाले आहे, की वही मिळाल्यावर ती आपोआप कॅमेऱ्याकडे पाहून थांबतात. एकदा आठवीतल्या एका मुलीने वही घेतली आणि तीच तोंडासमोर धरली. दोनदा सांगितले तरी खाली घेतली नाही. पाहुणे हसले, "शर्मीली है," म्हणाले. ती लाजत नव्हती. तिचा मोठा भाऊ जिथे नोकरी करतो तिथे हा फोटो पोचेल, हे तिला आम्हा सर्वांपेक्षा अधिक कळत होते.

२०२० च्या टाळेबंदीत हेच दृश्य गल्लोगल्ली दिसले. पाच किलो आटा, दोन किलो डाळ, तेलाची पिशवी, आणि ती घेणाऱ्या माणसाचा चेहरा. त्या दिवसांत ज्यांनी जिवावर उदार होऊन मदत पोचवली त्यांचे ऋण मान्यच आहे. पण महिन्यापूर्वी जो स्वतः कारागीर ठेवून जरीचे काम करवून घेत होता, तो रिकाम्या हाताने रांगेत उभा असलेला सगळ्या नातेवाइकांनी पाहिला. काही जण रांगेत आलेच नाहीत. उपाशी राहणे त्यांना फोटोपेक्षा सोपे वाटले. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण आपण मुलांकडून पाठ करून घेतो. उपकाराची आठवण देऊन आणि दुखवून आपले दान वाया घालवू नका, हे कुरआनमध्ये स्पष्ट आहे. आयोजक सांगतात, की फोटो नसेल तर देणगीदारांना हिशेब काय देणार? अडचण खरी आहे. शिवाय उघडपणे दिलेल्या दानालाही कुरआनने चांगलेच म्हटले आहे. एकाचे पाहून दहा जण देतात. मान्य. पण उघड व्हायचे ते देणाऱ्याने. घेणाऱ्याला उघडे करण्याची परवानगी त्यात कुठून आली? पिशव्यांचा फोटो काढा, दुकानदाराच्या बिलाचा काढा, रिकाम्या झालेल्या गोदामाचा काढा. उपाशी माणसाला तुम्ही विचारलेत आणि तो हो म्हणाला, तरी ती इजाजत नव्हे. ज्याला नाही म्हणणे परवडत नाही त्याचा होकार मोजायचा नसतो.

इथवर आले म्हणजे वाटते की आमचे म्हणणे फार सरळ आहे. विचारा, मग काढा. पण एक फोटो असा आहे जो हे सरळपण टिकू देत नाही. मार्च २००२ मध्ये अहमदाबादेत कुतुबुद्दीन अन्सारी नावाचा एक शिंपी जमावाच्या वेढ्यात सापडला होता. हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून तो वाचवण्याची याचना करत होता. रॉयटर्सचे छायाचित्रकार आर्को दत्ता यांनी तो क्षण टिपला. त्या क्षणी कोण इजाजत मागणार आणि कोण देणार? तो फोटो काढला गेला नसता तर गुजरातमध्ये काय घडले याची एक मोठी साक्ष हरवली असती. जगाने तो चेहरा पाहिला. आणि मग तो चेहरा जगाने सोडलाच नाही. अन्सारी काही काळ आपल्या मालेगावात येऊन राहिले. तिथेही वर्तमानपत्रातून तो फोटो त्यांच्या मागोमाग आला आणि हातचे काम गेले. पुढे ते कोलकात्याला गेले, तिथून पुन्हा अहमदाबादला परतले. कुणी तो फोटो सभांसाठी वापरला, कुणी निवडणुकीसाठी. २०१६ मध्ये आसामच्या निवडणूक प्रचारातही तो आला तेव्हा, आपल्याला विचारले नव्हते, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. आपल्याला आता साधे जगू द्या, हे त्यांचे मागणे वर्षानुवर्षे तेच आहे. छायाचित्रकार आणि ते, दोघांची दहा वर्षांनी, २०१२ साली भेट झाली.

आमच्या मते दत्तांनी खटका दाबला ते योग्यच केले. जुलमाची साक्ष देणे हे कर्तव्य आहे आणि साक्षीदाराने मजलूमाची परवानगी काढत बसायचे नसते. आमचा आक्षेप पुढच्या प्रत्येक वापरावर आहे. २००२ सालची साक्ष ही २०१६ सालची जाहिरात होत नाही. आणि आम्हा हौशी लोकांपुरते सांगायचे तर, आपण रोज ज्या गोष्टींचे फोटो काढतो त्यांतल्या किती जुलमाच्या साक्षी असतात? झोपलेला हमाल ही साक्ष नव्हे. अपघात झालेल्या माणसाला उचलायच्या आधी मोबाइल काढणारा साक्षीदार नव्हे, तो तमाशबीन.

होमाई व्यारावाला यांचे नाव इथे घ्यायला हवे. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेल्या या पारशी बाई भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत सगळे त्यांच्या भिंगासमोर आले. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. नव्या छायाचित्रकारांचे धक्काबुक्कीचे वागणे आणि हरवत चाललेली अदब त्यांना रुचली नाही, हे त्यामागचे एक कारण होते. २०१२ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. एवढे कौशल्य हाती असताना केवळ अदबीसाठी माणूस थांबू शकतो, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

इजाजतीला मर्यादा असते, ही गोष्ट आपल्या मुलींना फार कडवट रीतीने शिकावी लागली. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ रोजी 'बुल्ली बाई' अशा नावांनी मुसलमान स्त्रियांचे फोटो इंटरनेटवर लिलावासाठी मांडले गेले. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, एक वैमानिकही होती. फोटो कुठून चोरले? त्यांनी स्वतः आपल्या मित्रमंडळींसाठी लावलेले होते तिथून. मुंबई पोलिसांनी जानेवारीत काहींना पकडले. त्यानंतर आपल्या मोहल्ल्यांतून काय ऐकू आले? "मुलींनी फोटो टाकायलाच कशाला हवेत?" शिक्षकांच्या खोल्यांतूनही हेच ऐकू आले. आम्हाला हा न्याय उफराटा वाटतो. मी शेजाऱ्याला माझी किल्ली विश्वासाने दिली आणि ती चोराने पळवली, तर गुन्हा माझा नसतो. त्या मुलींनी चेहरा दाखवला होता तो ओळखीच्या माणसांना, ती अमानत होती. अमानतीत खयानत करणाऱ्याला सोडून अमानत ठेवणाऱ्याला दोष देणे, हे कोणत्या शरीअतीत बसते? पर्दा हा फक्त बाईच्या डोक्यावर नसतो. सूरह नूरमध्येच नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना.

आमच्या गटातला एक मित्र या सगळ्याला कंटाळून म्हणतो, "मग कॅमेरे विकून टाकू या." त्याचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. विचारून काढलेल्या फोटोत माणूस सावध होतो, केस सारखे करतो, छाती पुढे काढतो. चेहरा उरतो, माणूस निघून जातो. हे खरे आहे आणि याचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. शिवाय आपल्या वस्त्यांचे फोटो वर्तमानपत्रात कधी येतात? संचारबंदी लागली की, नाहीतर ईदला दोन मुले गळ्यात गळा घालतात तेव्हा. मधल्या साऱ्या दिवसांचे फोटो कोण काढणार? भेंडी बाजारातल्या जुन्या चाळी पुनर्विकासात एकामागून एक पाडल्या गेल्या. त्यांचे लाकडी जिने, सामायिक गॅलऱ्या, दुपारी गॅलरीत सुकणारे पापड आणि त्यामागे बसलेल्या बाया, हे सारे ज्यांच्याजवळ आहे ते अशाच कुणा हौशी माणसाच्या साठ्यात. त्याने प्रत्येक वेळी विचारले असेलच असे नाही. त्याने काढले नसते तर काहीच उरले नसते. म्हणून 'काढू नका' हे उत्तर आम्ही देत नाही.

आम्ही आपसांत एवढे ठरवले आहे, की आधी विचारणे शक्य असेल तर आधी, नसेल तर लगेच नंतर. जाऊन सलाम करायचा, मोबाइलच्या पडद्यावर काढलेला फोटो दाखवायचा आणि नको म्हटले तर त्याच्यासमोर पुसून टाकायचा. त्याला हवा असेल तर प्रत नेऊन द्यायची, आणि ही प्रत देण्याची गोष्ट टाळायची नाही. माणसे नाही म्हणतील या भीतीने लोक विचारत नाहीत. प्रत्यक्षात बहुतेक जण हो म्हणतात. नळ बाजारातल्या एका भांडी कल्हई करणाऱ्याने आपला फोटो बघितला आणि म्हणाला, "यात माझा हात नीट नाही आला, पुन्हा काढा." मग त्याने कथलाचा तुकडा फिरवण्याची ती एक हालचाल आमच्यासाठी पाच वेळा केली. त्याला चेहऱ्याची पर्वा नव्हती, त्याला त्याचा हुन्नर दिसायला हवा होता. चोरून काढलेल्या फोटोत हे आम्हाला कळलेच नसते. तेव्हा इजाजतीने फोटो बिघडतोच असेही नाही. आमच्या त्या मित्रालाही हे मान्य करावे लागले, जरी वाद अजून चालूच आहे.

हरमच्या सफरीत तर हा वाद आणखी वेगळा होतो. मदीनेचे पहिले फोटो १८६१ साली इजिप्तच्या लष्करातील अभियंता मुहम्मद सादिक बे यांनी काढले, मक्केचे पुढे १८८० च्या सुमारास. त्यांच्यामुळे दूरदेशीच्या लोकांना ती दारे-मिनार घरबसल्या दिसले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सौदी सरकारने दोन्ही हरममध्ये फोटो काढायला मनाई जाहीर केली. कारण इबादतीत खलल आणि इतरांना उपद्रव. उमरा करून आलेले लोक सांगतात, की तवाफ करताना एका हातात तसबीह आणि दुसऱ्या हातात घरच्यांना दाखवण्यासाठी मोबाइल. आपली इबादत दाखवावी की नाही हा ज्याचा त्याचा सवाल. पण त्या फोटोत मागे रडत दुआ मागणारी जी अनोळखी बाई येते, ती कुणाच्या घरच्यांना दाखवण्यासाठी रडत नव्हती.

राहिला प्रश्न मेलेल्या माणसांचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या एका स्नेह्याची दादी जहाजाने हजला गेलेल्या पिढीतली. आयुष्यात तिने फोटो काढू दिला नाही. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तिची फक्त पाठ नाहीतर पदर आहे. एकच फोटो होता, हजच्या अर्जाला लावलेला. तोही तिने गावच्या मौलवींना विचारून, मजबुरी आहे अशी खात्री करून घेऊन काढवला होता. ती गेल्यावर कुवेतमध्ये नोकरीला असलेल्या नातवाने त्या तिकिटाएवढ्या फोटोवरून मोबाइलमध्ये मोठा, रंगीत फोटो तयार केला आणि घरातल्या सर्वांना पाठवला. ओठांवर किंचित हसूही आले होते, जे मूळ फोटोत नव्हते. मोठी लेक चिडली. अम्माने इजाजत दिली होती ती हजसाठी, भिंतीसाठी नाही, असे तिचे म्हणणे. धाकटी म्हणाली, पणतवंडांना पणजीचा चेहरा ठाऊक असू नये का? आम्हाला फोटोवाले म्हणून मत विचारले गेले. दस्तरख्वानावर बराच वेळ बोलणे झाले. एवढेच कसेबसे ठरले, की रंगीत फोटो भिंतीवर लागणार नाही. मूळ फोटो दादीच्या तसबीहीबरोबर मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवला आहे. कुवेतच्या मोबाइलमधला मात्र अजून तसाच आहे, हसूसकट.